बार्नाबेची झांज

आन्सेल्म रुव्हिएरच्या घरात पिढ्यान् पिढ्या दोनच गोष्टी चालत आल्या होत्या, कोळसा आणि क्लॅरिनेट. आजा मॉन्सोच्या खाणीत उतरायचा आणि रविवारी खाणीच्या बँडात वाजवायचा. बापाचंही तेच. खाणकामगारांच्या सणाला निळा डगला चढवून बाप दुसऱ्या रांगेत उभा राहायचा. नखांत आठवड्याचा कोळसा तसाच असायचा, पण वाद्याच्या चाव्या मात्र लख्ख पुसलेल्या. आन्सेल्मला त्यानं सातव्या वर्षी शिकवायला घेतलं. पोराच्या छातीत हवा आहे हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं. त्याच्या स्वतःच्या छातीतली हवा तेव्हा कोळशाची धूळ हळूहळू खात चालली होती.

युद्ध संपल्यावर गावात अमेरिकन शिपाई आले आणि त्यांच्याबरोबर जॅझच्या तबकड्या आल्या. आन्सेल्म तेव्हा अठरा वर्षांचा होता. कॅफेच्या मागच्या खोलीत त्यानं एक तबकडी सलग अकरा वेळा ऐकली आणि बाराव्या वेळी स्वतःचं क्लॅरिनेट काढून तिच्याबरोबर वाजवायला लागला. दोन वर्षांनी तो पॅरिसला निघाला, तेव्हा बाप दाराशी खुर्ची टाकून बसला होता.

"जत्रेतलं माकडसुद्धा पोटासाठी नाचतं," बाप म्हणाला. "पण ते बिचारं आपल्या पायानं जत्रेत जात नाही. तू आपल्या पायानं चाललायस."

बापाचं ते शेवटचं धड वाक्य. पुढच्या सहा वर्षांत खोकल्यातून त्याला फारसं बोलता आलं नाही. तो गेल्यावर शेजारच्या बाईनं आन्सेल्मला सांगितलं, की एकदा रेडिओवर त्याचं वादन लागलं होतं आणि म्हातारा ते संपेपर्यंत उभा होता.

पॅरिसमध्ये नदीच्या डाव्या तीरावरच्या एका तळघरात त्याला बार्नाबे तिक्सिए भेटला. ओव्हेर्न्यच्या डोंगराकडचा, बुटका, रुंद खांद्यांचा ड्रमवाला. त्याच्या बापाचं पॅरिसात कोळशाचं दुकान होतं. पुढच्या भागात वाइन, मागच्या भागात कोळसा.

"म्हणजे तुझ्या बापानं खणायचा आणि माझ्या बापानं विकायचा," बार्नाबे पहिल्या दिवशी म्हणाला. "बघ की, आपली सोयरीक आधीच जुळलीय."

"माझा बाप तुझ्या बापाला शिव्या घालतो."

"घालू दे. माझा तर रोज सगळ्यांना घालतो."

तेव्हापासून बार्नाबे त्याच्या पाठीमागे बसू लागला. आन्सेल्म पुढे उभा राहून वाजवायचा आणि त्याला मागं वळून बघावं लागत नसे. कधी थांबायचं, कधी उसळायचं, हे बार्नाबेला त्याच्या मानेवरून कळायचं. बावन्न साली त्यांच्या बँडची तबकडी निघाली. तिच्यातल्या एका गाण्यात आन्सेल्मच्या वाट्याला एक छोटा तुकडा होता. खालच्या भरदार सुरापासून सुरुवात करून तो पायरी पायरीनं वर जायचा आणि शेवटी अशा एका सुरावर जाऊन थांबायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं आता याचा श्वास तुटणार. श्वास तुटायचा नाही. लोक त्या तुकड्याला 'चढण' म्हणायला लागले. ल्योंपासून लीलपर्यंत कुठंही बँड गेला की मागून कुणीतरी ओरडायचं, "रुव्हिएर, चढण!" हातातले पेले हातातच राहायचे आणि तो वर पोचला की सगळं तळघर एकदम श्वास सोडायचं.

असं दहाएक वर्षं चाललं. मग गिटारवाली पोरं आली. तळघरांत नाचणाऱ्यांना आता क्लॅरिनेट म्हणजे आजोबांचं वाद्य वाटू लागलं. एकामागून एक दारं बंद झाली. आन्सेल्म बायकोच्या गावी, ल्योंला, राहायला गेला. योलांद औषधाच्या दुकानात काम करायची आणि घर तिच्यावरच चालायचं. तो गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, हॉटेलांत, दुपारच्या चहाच्या वेळी म्हाताऱ्या बायकांसाठी वाल्ट्झ वाजवायचा. बार्नाबेही मागोमाग ल्योंला आला. त्यानं लाँड्रीची गाडी चालवायचं काम धरलं आणि शनिवार-रविवारी वाल्ट्झ.

चौसष्ट साली बार्नाबेला एका नावाजलेल्या गायकाच्या ताफ्यात बोलावणं आलं. वर्षभर दौरा, मोठमोठी नाट्यगृहं. त्यांना फक्त ड्रमवाला हवा होता. बार्नाबेनं नाही म्हणून कळवलं. आन्सेल्मला हे सांगितलं ते बार्नाबेची बायको पिएरेट हिनं, तेही दोन वर्षांनी, भांडी विसळता विसळता.

"का नाही गेलास?" आन्सेल्मनं त्याला विचारलं.

"त्या गायकाचा कुत्रा पण दौऱ्यावर येतो म्हणे," बार्नाबे म्हणाला. "मला कुत्र्यांची भीती वाटते."

सत्तरच्या दशकात वारा पुन्हा फिरला. जुन्या धाटणीच्या जॅझचे उत्सव भरू लागले, पांढऱ्या केसांची माणसं तरुणपण शोधत येऊ लागली. आन्सेल्मनं पाच जणांचा बँड उभा केला. ट्रम्पेटवर मार्सिअल नावाचा उंच, शांत गृहस्थ, पिआनो आणि बास वाजवणारे दोन भाऊ, आणि मागे बार्नाबे. पोस्टरांवर पुन्हा त्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापून यायला लागलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाला दुसऱ्यांदा असे दिवस मिळाले, की तो ते मुठीत घट्ट धरून ठेवतो. आन्सेल्मनंही धरले.

शहाऐंशीच्या सुमारास त्याला वाटायला लागलं, की क्लॅरिनेटच्या रीड पूर्वीसारख्या येत नाहीत. रीड म्हणजे तोंडाशी बसवायची वेताची पातळ पट्टी. सगळा सूर तिच्यावर. आन्सेल्मला प्रत्येक नवी रीड मुकी वाटायची, घोंगडीतून बोलल्यासारखी. मग तो स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून चाकूनं ती तासायचा. आणखी थोडी, आणखी थोडी. पात कागदासारखी होईपर्यंत.

"दक्षिणेतला वेत बिघडला," तो योलांदला सांगायचा. "पूर्वी कसा खणखणीत असायचा."

योलांद त्याच्याकडे बघायची आणि टेबलावरची वेताची भुकटी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची.

आणि त्याच सुमारास त्याला बार्नाबेच्या झांजेचा राग यायला लागला. ड्रमच्या उजव्या अंगाला टांगलेली ती मोठी पितळी झांज. बार्नाबे एरवी तिच्यावर काठी नुसती फिरवायचा, कुणी कुणाच्या केसांतून हात फिरवावा तशी. आता मात्र आन्सेल्म वर जायला लागला, की नेमकी तिथंच ती धाडकन वाजायची. चढणीवर तर हमखास. सूर टोकाला पोचला रे पोचला, की मागून पितळ कोसळायचं आणि त्याचा सूर त्याखाली गाडला जायचा.

पहिल्यांदा त्यानं चेष्टेवारी नेलं. "काय रे, लाँड्रीची परात घेऊन आलायस का?"

"हात जड झालाय," बार्नाबे म्हणाला.

"मग हलका कर."

"बघतो."

पण झांज थांबली नाही. आन्सेल्म प्रवासात त्याच्याशी बोलेनासा झाला. गाडीत तो पुढं बसायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. त्याला वाटायचं, हा म्हातारा झालाय आणि कबूल करत नाहीये. कधी त्याहून वाईट वाटायचं. छत्तीस वर्षं माझ्या मागं बसला, लोकांनी नाव माझं घेतलं, ते आता याला सलतंय.

"मत्सर," तो एकदा योलांदला म्हणाला.

"बार्नाबे?" ती म्हणाली. "बार्नाबेला मत्सर? तू भानावर आहेस का?" मग तिनं विचारलं, "आन्सेल्म, एकदा डॉक्टरांकडे जाऊन येशील का? सगळी तपासणी करून घेऊ."

"मला काय धाड भरलीय? त्याला घेऊन जा."

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी, ते क्रुआ-रूसच्या टेकडीवर एका कॅफेच्या मागच्या दालनात सराव करत होते. बाहेर धुकं होतं, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. चढण आली. झांज वाजली. आन्सेल्मनं क्लॅरिनेट तोंडातून काढलं.

"पुन्हा."

पुन्हा वाजवलं. पुन्हा झांज.

आन्सेल्म वळला. छत्तीस वर्षांत वाजवताना तो असा पूर्ण वळला नव्हता. "तुला ऐकू येत नाही का?"

"काय?"

"बघा, 'काय' म्हणतोय. कान गेलेत तुझे, बार्नाबे. ठार बहिरा झालायस तू. स्वतः काय बडवतोयस ते तुला ऐकू येत नाही, आणि मी काय वाजवतोय ते तर त्याहून नाही. दोन वर्षं सहन केलं मी. आता लोक हसतात."

मार्सिअल ट्रम्पेटमधली थुंकी झटकत राहिला, झटकून झाली तरी झटकत राहिला. पिआनोवाल्या भावानं बासवाल्या भावाकडे बघितलं. बार्नाबेचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्याच्यावर काहीच राहिलं नाही. त्यानं एकदा मार्सिअलकडे बघितलं आणि किंचित मान हलवली, जणू कुणाला तरी थांबवत होता.

"असेल," तो म्हणाला. "वय झालं."

तो उठला. झांजेचा स्क्रू सोडवला, ती कापडी पिशवीत घातली, पिशवीचा बंद दोनदा बांधला. "बाकीचे ड्रम उद्या गाडी घेऊन येऊन नेतो," म्हणाला. दाराशी गेल्यावर त्यानं टोपी घातली आणि आन्सेल्मला म्हणाला, "घसा सांभाळ. धुकं आहे."

पुढच्या काही आठवड्यांत ल्यों, ग्रनोब्ल, व्हालांस इथल्या बँडवाल्यांचे फोन आले. तिक्सिए मोकळा आहे असं ऐकलं, कसा आहे हल्ली? आन्सेल्मनं प्रत्येकाला खरं तेच सांगितलं, म्हणजे त्याला जे खरं वाटत होतं ते. "माणूस सोन्यासारखा. पण कान गेलेत." नाताळापूर्वी बार्नाबे आणि पिएरेटनं ल्योंचं घर सोडलं आणि ते दक्षिणेला, खाडीकाठच्या मेझ गावी, पिएरेटच्या माहेरी राहायला गेले. निरोप घ्यायला पिएरेट एकटी आली होती. ती योलांदला भेटली, आन्सेल्म घरात असून त्याला भेटली नाही.

नवा ड्रमवाला फाब्रिस अठ्ठावीस वर्षांचा होता. शिकलेला, अदबशीर, हाताचा हलका. चढणीच्या वेळी तो ड्रमवर केरसुणीसारखे ब्रश फिरवायचा आणि वरच्या सुराला सगळी जागा मोकळी सोडायचा. आन्सेल्मला वाटलं, आपल्याला पुन्हा श्वास घेता येतोय. हिवाळ्यात कार्यक्रम थोडेच झाले. एप्रिलमध्ये तुर्न्यूला, नदीकाठच्या सभागृहात, रविवारी दुपारी मोठा कार्यक्रम होता.

दालन भरलं होतं. खिडक्यांतून ऊन येत होतं, त्यामुळे पुढच्या रांगांतले चेहरे त्याला स्पष्ट दिसत होते. तळघरांत चेहरे कधी दिसलेच नव्हते. पहिल्या रांगेत करड्या कोटातली एक जाडजूड बाई बसली होती, आनंदानं पावलानं ताल धरून. आन्सेल्म वर गेला, आणि त्या बाईनं लिंबू चावल्यासारखं तोंड केलं. त्याला वाटलं, ध्वनिक्षेपकाचं काहीतरी झालं असेल. दुसऱ्या गाण्यात तो पुन्हा वर गेला. तिनं डोळे मिटून घेतले आणि शेजारच्या माणसानं मान खाली घातली. चढण आली तेव्हा त्यानं मुद्दाम सगळ्या दालनाकडे बघितलं. सूर टोकावर होता. त्याला तो मऊ, जरा लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. आणि समोर शंभरेक माणसं, ज्यांना त्याच्याबद्दल प्रेम होतं, एकाच वेळी अंग चोरून बसली होती. टाळ्या पडल्या. फार जोरात पडल्या, आजारी माणसाला बरा दिसतोस म्हणावं तशा.

पडद्यामागे फाब्रिस घाम पुसत त्याच्याजवळ आला. "मुसिए रुव्हिएर, एक विचारू? चढणीच्या शेवटी तुम्ही सूर असा फोडता, किंचाळी काढल्यासारखा, ते जाणूनबुजून ना? जुन्या तबकडीत तसं नाहीये, म्हणून विचारलं."

"काय फोडतो?"

"नाही, म्हणजे..." फाब्रिसनं मार्सिअलकडे बघितलं. मार्सिअल ट्रम्पेट पेटीत ठेवत होता. तो तसाच वाकलेला राहिला.

क्लॅरिनेटवाल्यांच्या भाषेत एक शब्द आहे, बदक. सूर फाटून मधेच 'क्वॅक' असं काहीतरी चिरकलं, की म्हणायचं बदक ओरडलं. शिकाऊ पोरांच्या वाद्यातून रोज ओरडतं. आन्सेल्मच्या वाद्यातून ते पंचेचाळीस सालानंतर ओरडलेलं कुणाला आठवत नव्हतं.

"मार्सिअल," आन्सेल्म म्हणाला, "मी बदकं काढतोय का?"

मार्सिअल सरळ उभा राहिला. "हो."

"आज?"

"आज जास्त. पण आजच नाही."

"कधीपासून?"

"लिमोझपासून. शहाऐंशीचा उन्हाळा."

"आणि मला एकानंही..." त्याचं वाक्य तिथंच अडलं, कारण लिमोझ म्हटल्यावर त्याला आठवलं, की झांज पहिल्यांदा तिथंच वाजली होती.

"बार्नाबेनं आम्हाला बजावलं होतं," मार्सिअल हळू आवाजात म्हणाला. "म्हणाला, मी आहे ना मागं. तुझी मान ताठ झाली की त्याला कळायचं, आता फाटणार. फाटायच्या आधी पाव क्षण तो झांज मारायचा. लोकांना वाटायचं ड्रमवाला रांगडा आहे. दोन वर्षं त्यानं एकही बदक बाहेर जाऊ दिलं नाही, आन्सेल्म."

आन्सेल्म जवळच्या लाकडी पेटीवर बसला. फाब्रिस पाणी घेऊन आला, पेला त्यानं हातात घेतला आणि प्यायचं विसरला. "मी त्याला बहिरा म्हणालो," तो म्हणाला. "तुम्हा सगळ्यांसमोर."

"हो," मार्सिअल म्हणाला.

घरी तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. योलांद सूपासाठी कांद्याची पात चिरत होती. त्यानं कोट न काढताच विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिनं सुरी खाली ठेवली. काय ते विचारलं नाही. "केटलीची शिट्टी तू शेवटची कधी ऐकलीस?" ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, पाणी उकळून आटतं आणि तू शेजारी बसून पेपर वाचत असतोस. पाकोळ्या आल्यात खिडकीपाशी, चार दिवस झाले. ऐकल्यास?"

"बोलली का नाहीस?"

"डॉक्टरांकडे चल म्हणाले, तेव्हा तू मला काय म्हणालास? आणि खरं सांगू? मला भीती वाटली. मनासारखं वाजवत नसलेला तू कसा असतोस, ते मी साठच्या दशकात बघितलंय. पुन्हा बघायचं नव्हतं." तिचे डोळे भरून आले होते. कांद्याच्या पातीनं नव्हे.

"इथून पुढं मी विचारलं की खरं सांगायचं," तो म्हणाला. "कसंही असो."

"सांगेन."

डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र लावलं. खालचे आवाज सगळे ऐकू आले. मग बराच वेळ त्याला वाटलं, की यंत्र बंद पडलंय. बाहेर डॉक्टरांची बोटं मात्र कळांवर हलत होती. वरच्या सुरांची एक अख्खी पट्टी त्याच्या कानांतून निघून गेली होती. म्हणूनच रीड मुक्या वाटायच्या. म्हणून तो त्या तासायचा, आणि तासून कागद झालेली रीड फाटणार नाही तर काय होणार. डॉक्टर म्हणाले, सावकाश गेलं, म्हणून कळलं नाही. परत येणार नाही.

मे महिन्यात तो गाडीनं सेतला उतरला आणि तिथून बसनं मेझला गेला. बार्नाबे खाडीकाठी मेहुण्याच्या शेडमध्ये पाय पसरून बसला होता आणि कालवांच्या शिंपल्यांवरची घाण खरवडत होता. अंगात रबरी एप्रन. आन्सेल्म दारात उभा राहिल्यावर त्यानं वर बघितलं, आणि पुन्हा शिंपल्याकडे.

"सुरी आहे तिथं," तो म्हणाला. "बसणार असशील तर हात चालव. इथं बघ्यांना जागा नाही."

आन्सेल्मनं सुरी घेतली. बराच वेळ दोघं खरवडत राहिले. मग आन्सेल्म म्हणाला, "मला कळलं."

"मार्सिअलचा फोन आला होता."

"बार्नाबे, मी..."

"माफी मागायला आला असशील तर ती झाली आधीच. फेब्रुवारीत केव्हातरी झाली. इथं थंडीत दुसरं काही करण्यासारखं नसतं."

"मला सांगायचं होतंस. त्या दिवशी तरी, त्या सरावात. एक वाक्य पुरलं असतं. 'कान तुझे गेलेत.' का नाही बोललास?"

बार्नाबेनं शिंपला टोपलीत टाकला. "लिमोझला सांगणार होतो. गाडीत बसलो आणि तू इतका खूश होतास. मनात म्हटलं, ग्रनोब्लनंतर सांगू. मग ग्रनोब्ल झालं." त्यानं पुढचा शिंपला उचलला. "आणि मला साधू करू नकोस. तुला सांगितलं असतं तर तू वाजवणं सोडलं असतंस. तू सोडलंस की मी कुठं जाणार होतो? पुन्हा लाँड्रीची गाडी? मीसुद्धा माझंच बघत होतो."

"मी फोनवर सगळ्यांना सांगितलं. कान गेलेत म्हणून."

"माहीत आहे," बार्नाबे म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज कडक झाला. "हाकललंस त्याचं काही नाही. तुझा बँड, तुझी मर्जी. पण इथं आल्यावर माँपेलिएला दोन ठिकाणी गेलो मी. वाजवूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी. रुव्हिएर म्हणतो कान गेले, म्हणजे गेलेच. पासष्टीच्या माणसाबद्दल असं कुणी बोललं की ते पुसता येत नाही रे. मी माझ्या बायकोच्या भावाची कालवं खरवडतोय."

"मी त्यांना खरं सांगतो. प्रत्येकाला."

"मग तुझं संपेल."

"संपलंय."

बार्नाबेनं त्याच्या हाताकडे बघितलं. "उलटी धरलीयस सुरी. बोट कापून घेशील."

त्या दुपारी पिएरेटनं दोघांना जेवायला वाढलं. आन्सेल्मशी ती तीनच वाक्यं बोलली आणि तिन्ही मिठाबद्दल. निघताना आन्सेल्मनं विचारलं, "येशील का परत? मी खालच्या सुरांतच वाजवेन. वर जाणारच नाही."

"नाही," बार्नाबे म्हणाला. "आता तू वळून मला जे बोललास, ते मला तुझ्या पाठीवर दिसत राहील. मग मी ताल कुठून धरू?"

ल्योंला आल्यावर आन्सेल्मनं एक यादी केली आणि ज्यांना ज्यांना तो बोलला होता त्यांना एकेकाला फोन लावला. "तिक्सिएचे कान शाबूत आहेत, माझे गेलेत, आणि हे तो दोन वर्षं झाकत होता." एकानं विचारलं, मग तुमचे जूनमधले कार्यक्रम? ते आन्सेल्मनं स्वतःच रद्द केले. एक मात्र करून टाकला, कारण तिकिटं गेली होती. त्यात तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत खालच्या सुरांत वाजवत राहिला. कुणीतरी मागून "चढण!" म्हणून ओरडलं, तेव्हा त्यानं मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की रुव्हिएरच्या वादनात आता उतारवयाची खोल समज आली आहे. ते वाचून योलांद हसली, मग तोही हसला. बँड त्यानंतर मोडला. फाब्रिसला दुसरीकडे काम मिळालं.

आन्सेल्मच्या फोनांचा एक उपयोग झाला. माँपेलिएच्या एका बँडनं बार्नाबेला रविवारच्या दुपारच्या नाचांसाठी बोलावलं. तिथं तो दीड वर्ष वाजवत होता. दोघं नाताळाला एकमेकांना पत्रं पाठवायचे, चार-चार ओळींची. भेटले नाहीत. दोघांचंही येत्या उन्हाळ्यात ठरायचं आणि राहून जायचं.

एक्याण्णवच्या फेब्रुवारीत पिएरेटचा फोन आला. योलांदनं घेतला, कारण आन्सेल्मला आता फोनची घंटाही नीट ऐकू येत नसे. बार्नाबे शेडमध्ये काम करता करता गेला होता. पिएरेट म्हणाली, "आन्सेल्मला सांग, वाद्य घेऊन ये. त्यानं तसं काही सांगून ठेवलेलं नाही. मीच सांगतेय."

मेझच्या दफनभूमीतून खाडी दिसते. तीसेक माणसं होती. मेहुणा, शेडमधले गडी, माँपेलिएचे वादक, ल्योंहून आलेला मार्सिअल. पाद्र्याचं झाल्यावर पिएरेटनं आन्सेल्मकडे बघितलं. थंडीनं क्लॅरिनेटचं लाकूड गार पडलं होतं. त्यानं ते आधी कोटाच्या आत धरून उबवलं आणि मग एक संथ जुनी धून सुरू केली, खालच्या सुरांत, जपून. पहिला चरण ठीक गेला. दुसऱ्या चरणात कधी कोण जाणे, त्याची बोटं वर सरकली. त्यानं थांबवली नाहीत. तो वर गेला, जिथं त्याला आता काही ऐकू येत नव्हतं तिथपर्यंत. छाती भरलेली होती, ओठांवर रीड थरथरत होती, आणि कानांत फक्त स्वतःचा श्वास. किती वेळ थांबायचं ते त्यानं अंदाजानं ठरवलं आणि खाली उतरला.

समोर सगळ्यांच्या माना खाली होत्या. त्यांवरून काही कळेना.

फाटकापाशी थांबून त्यानं योलांदला विचारलं, "फाटला का?"

तिनं त्याचा हात धरला. "फाटला."

"किती वेळा?"

"दोनदा. दुसऱ्या वेळी जास्त."

"वारा समजले असतील लोक."

"वारा नव्हता, आन्सेल्म."

त्यानं मान डोलावली. क्लॅरिनेटचे तुकडे सोडवले, एकेक पुसून पेटीत ठेवले. बोटं गारठली होती म्हणून पेटीची कडी योलांदनं लावली. पुढं पिएरेट त्यांच्यासाठी थांबली होती. जेवायला घरी चला, म्हणाली, सूप केलंय, आणि या वेळी तिनं आन्सेल्मच्या दुसऱ्या हाताला धरलं, कारण उतारावर चिखल होता.